हे चव्हाट्यावर कशाला?

आमच्या भिशीत मागे एकदा हा प्रश्न निघाला होता. पुण्यातल्या त्या मिरवणुकीचा फोटो वर्तमानपत्रात आला होता. सहा रंगांचा लांबच लांब झेंडा, कुणाच्या गालावर रंग, कुणाच्या हातात फलक. फोटो या हातातून त्या हातात गेला आणि एक मैत्रीण म्हणाली, "अगं, ज्याला जसं राहायचं तसं त्यानं आपल्या घरात राहावं की! आपलं काही म्हणणं नाही. पण हे असं चव्हाट्यावर कशाला आणायचं?" बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि गाडी साबुदाण्याच्या पापडांवर गेली.

मैत्रिणींनो, हा प्रश्न तुमच्याही मनात आला असेल. त्यात राग यावा असं मला काही वाटत नाही. आपण बायका घरातली कितीतरी दुःखं घरातच ठेवून वाढलो, तेव्हा दुसऱ्याने ती रस्त्यावर मांडली की आपल्याला अवघडायला होणारच. पण त्या दिवशी पापडांच्या गडबडीत द्यायचं राहिलेलं उत्तर मी आज जरा सविस्तर देणार आहे. कारण हा विषय आमच्या घरातला आहे.

आधी कायद्याचं सांगते, थोडक्यात. 'आपल्या घरात राहावं' असं आपण म्हणतो, पण घरात राहण्याचीच त्यांना सोय नव्हती. इंग्रजांनी १८६० साली केलेल्या दंडविधानातलं ३७७ वं कलम दोन पुरुषांच्या संबंधाला, मग तो चार भिंतींच्या आड का असेना, गुन्हा ठरवत होतं. शिक्षा किती? दहा वर्षांपर्यंत, नाहीतर जन्मठेप! खुद्द इंग्लंडने १९६७ साली आपल्याकडचा कायदा बदलला, आपण मात्र त्यांचं जुनं जोखड मानेवर वागवत राहिलो. २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते काढलं. २०१३ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बसवलं. शेवटी ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला की संमतीने एकत्र आलेल्या सज्ञान माणसांना हा गुन्हा लागू होत नाही. त्या निकालात न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी जे लिहिलं त्याचा भावार्थ असा, की इतक्या उशिराबद्दल इतिहासाने या लोकांची आणि त्यांच्या कुटुंबीयांची माफी मागायला हवी. कुटुंबीयांची, बरं का! ते वाचताना मला आमच्या वन्संचा चेहरा आठवला.

आता रस्त्यावर येण्याचं. कलकत्त्यात १९९९ च्या जुलैत अशी पहिली पदयात्रा निघाली तेव्हा चालणारे होते अवघे पंधरा जण. मुंबईत २००८ साली १६ ऑगस्टला ऑगस्ट क्रांती मैदानापासून गिरगाव चौपाटीपर्यंत मिरवणूक निघाली. हे सगळे कायद्याने गुन्हेगार असतानाच चालले, हे लक्षात घ्या. काही जणांनी तोंडावर मुखवटे चढवले होते. हौस म्हणून कुणी तोंड झाकून मिरवत नाही.

या सगळ्याची सुरुवात अमेरिकेत झाली असं म्हणतात, आणि ते खरंही आहे. न्यूयॉर्कमध्ये १९६९ च्या जूनमध्ये पोलिसांनी एका बारवर धाड घातली, लोकांनी प्रतिकार केला आणि पुढच्या वर्षी त्याच तारखेला पहिला मोर्चा निघाला. पण मला त्या इतिहासात आवडते ती एक शाळामास्तरीण. जीन मॅनफर्ड तिचं नाव. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात प्राथमिक शाळेत शिकवायची. नवरा दातांचा डॉक्टर. स्वभावाने बुजरी, सभाबिभा तिला माहीत नाहीत. तिचा मुलगा मॉर्टी समलिंगी. १९७२ च्या एप्रिलमध्ये एका मेजवानीच्या ठिकाणी पत्रकं वाटताना त्याला मारहाण झाली आणि पोलीस बघत राहिले. या बाईने काय करावं? वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. आपला मुलगा समलिंगी आहे आणि आपलं त्याच्यावर प्रेम आहे, हे स्वतःच्या नावानिशी छापून आणलं! तुम्हीआम्ही साधी पाककृती पाठवताना 'नाव छापू नये' असं लिहितो.

दोन महिन्यांनी ती मुलाबरोबर मोर्चात चालली. हातात एक फलक, समलिंगी मुलांच्या आईबापांनी आपल्या मुलांसाठी एकत्र यावं अशा अर्थाचा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी लोक टाळ्या वाजवायला लागले. तिच्या मागेच डॉक्टर स्पॉक चालत होते. तेच हो, बाळाच्या संगोपनाचं जगभर गाजलेलं पुस्तक लिहिणारे! तिला वाटलं, हा जयघोष त्यांच्यासाठीच चाललाय. पण तरुण मुलं धावत येऊन तिलाच मिठ्या मारत होती, रडत होती आणि माझ्या आईशी बोलाल का, म्हणून विनवत होती. पुढच्या वर्षी मार्चमध्ये एका चर्चमध्ये आईवडिलांची पहिली बैठक भरली, जेमतेम वीसेक माणसं होती. त्यातून उभी राहिलेली संघटना आज अमेरिकाभर आहे. २०१३ साली ही बाई वारली.

हे वाचलं तेव्हा मी मनात म्हटलं, ही तर आपल्यातलीच. मीसुद्धा सकाळची शाळा, दुपारचा स्वयंपाक यातलीच. आठवीला मराठी शिकवते, तेही अर्धवेळ.

तर आता आमच्या घरातलं. माझ्या थोरल्या नणंदेचा, आमच्या वन्संचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. वय सत्तावीस. वन्सं कराडला असतात. दोन वर्षांमागच्या दिवाळीत मी चकल्या तळत होते आणि हा ओट्याशी उभा राहून सोऱ्या फिरवून देत होता. मध्येच म्हणाला, "मामी, आई सांगलीची मुलगी बघायला नेणार आहे. तू काहीतरी करून थांबव." मी म्हटलं, "का रे? दुसरी कोणी आहे का?" तर म्हणाला, "कोणी आहे, पण ती नाही. तो आहे." झारा हातात तसाच राहिला माझ्या. घाणा करपला.

वन्संना त्याने स्वतःच सांगितलं, मी नुसती शेजारी बसले होते. त्या रडल्या, मग देव्हाऱ्यापुढे जाऊन बसल्या, आणि संध्याकाळी मला म्हणाल्या, "लग्न होऊ दे. बायको आली की सगळं सरळ होतं. आपल्याकडे काय कमी बघितलंय?"

बायांनो, इथे मात्र माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "वन्सं, त्या सांगलीच्या मुलीनं तुमचं काय वाकडं केलंय?" चांगली एम. कॉम. झालेली मुलगी. तिने कांदेपोहे करायचे, साडी नेसून समोर बसायचं, तिच्या वडिलांनी कर्ज काढून कार्यालय घ्यायचं, आणि मग जन्मभर रात्री भिंतीकडे तोंड करून विचार करायचा की माझ्यात काय कमी आहे! अशा मुली तुमच्याही पाहण्यात असतील. 'नवरा सज्जन आहे हो, पण...' असं म्हणून वाक्य अर्ध्यावर सोडणाऱ्या. त्या अर्ध्या वाक्याचं कारण पुष्कळदा हेच असतं आणि दोष मात्र तिच्या कपाळी येतो. मूल का होत नाही म्हणून तिलाच डॉक्टरकडे नेतात. समलिंगी माणसांच्या हक्काशी आम्हा बायकांचा काय संबंध, असं विचारणाऱ्यांना मी आधी हे सांगते.

सांगलीचा कार्यक्रम रद्द झाला. वन्संच्या यजमानांनी मुलाशी बोलणं टाकलं.

मग कुणीतरी एका डॉक्टरांचं नाव सुचवलं, म्हणे हे 'बरं' करतात. पंचवीस बैठका आणि प्रत्येक बैठकीचे पैसे आगाऊ! आमचे हे एरवी अशा गोष्टींत फार बोलत नाहीत, पण त्यांनी स्पष्ट सांगितलं की पैसे मी देणार नाही आणि तुम्हालाही देऊ देणार नाही. त्यांचं बरोबरच होतं. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. आपल्याकडे मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये हा आजार नाही असं जाहीर केलं, आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असले 'बदलण्याचे' उपचार करणं म्हणजे व्यवसायातलं गैरवर्तन असं राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलं. तुमच्या ओळखीत कोणी असा औषधोपचार करून घ्यायला निघालं असेल तर एवढं जरूर सांगा.

वन्संचं मन वळलं ते माझ्या बोलण्याने नाही. गेल्या पावसाळ्यात भाच्याचं पोट दुखायला लागलं, रात्री अकराला हॉस्पिटलात नेलं, अपेंडिक्स. नेणारा त्याचा तो मित्र. चार वर्षं एका घरात राहतात, फ्रीजचा हप्ता निम्मा-निम्मा भरतात. काउंटरवर विचारलं, "पेशंटचे कोण तुम्ही?" काय सांगणार बिचारा? म्हणाला, "रूममेट." तर म्हणे नातेवाइकाची सही लागेल. दोन तास त्यात गेले. शेवटी वन्संना झोपेतून उठवून फोनवर विचारलं, तेव्हा काम पुढे सरकलं. सकाळच्या पहिल्या एस.टी.ने वन्सं पुण्याला पोचल्या तेव्हा हा मुलगा बाहेर बाकावर बसला होता, रात्रभर डोळ्याला डोळा नाही, आणि वन्संना बघून उठून उभा राहिला. मला नंतर म्हणाल्या, "अगं, माझ्या लेकाची चप्पल त्यानं मांडीवर धरली होती. खाली ठेवली तर हरवेल म्हणून."

त्यानंतर आम्ही दोघी त्या मिरवणुकीला गेलो. जंगली महाराज रस्त्यावर. मोठं काही घडलं नाही. वन्संनी डबाभर रव्याचे लाडू आणले होते, ते अर्ध्या तासात संपले. फलक धरायला त्यांनी साफ नकार दिला. कॅमेरेवाला दिसला की पदर तोंडावर. कराडच्या भावकीत कुणी पाहिलं तर, ही धाकधूक. मीही त्यांना आग्रह केला नाही. मात्र एक पाहिलं, की तिथे चालणारी मुलंमुली आपल्या शाळा-कॉलेजातल्या मुलांसारखीच होती. दोन मुली हातात हात घालून चालत होत्या, त्यातली एक दर पाच मिनिटांनी दुसरीला 'पाणी पी' म्हणून बाटली देत होती. तृतीयपंथी बायका जरीच्या साड्या नेसून आल्या होत्या, आणि त्यातल्या एकीने वन्संना साडीचा पदर सुटू नये म्हणून पिन कुठे लावायची ते दाखवलं. वन्सं तिच्याशी पैठणीवर बोलत राहिल्या!

तुम्ही म्हणाल, कायदा तर गेला, आता मागणं काय उरलं? उरलं आहे, आणि ते अगदी संसारातलंच आहे. गुन्हा नाही म्हणजे नातं मान्य आहे असं होत नाही. त्या दोघांपैकी एक मृत्युपत्र न करता गेला तर दुसरा त्याचा वारस नाही. फंडाचे, पेन्शनचे नियम 'पत्नी' किंवा 'पती' शोधतात. दोघांच्या नावाने मूल दत्तक घेता येत नाही. यासाठी लग्नाची नोंदणी मागायला काही जोडपी सर्वोच्च न्यायालयात गेली. १९५४ च्या स्पेशल मॅरेज ॲक्टखाली, म्हणजे आपण ज्याला रजिस्टर लग्न म्हणतो, त्याखाली. तेव्हा २०२३ च्या एप्रिलमध्ये 'स्वीकार' या पालकांच्या गटातल्या चारशेहून अधिक आईवडिलांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. आमच्या हयातीत हे बघायला मिळावं, अशी त्यांची विनंती होती. १७ ऑक्टोबर २०२३ ला निकाल लागला. लग्न हा मूलभूत हक्क नाही असं पाचही न्यायमूर्तींनी म्हटलं, आणि कायदा करायचा तर तो संसदेने करावा असं सांगितलं. फेरविचाराचे अर्जही २०२५ च्या जानेवारीत फेटाळले गेले.

पण त्या खटल्यातून केंद्राने एक समिती नेमली आणि २०२४ मध्ये दोन लहान गोष्टी पदरात पडल्या. अशा जोडीदारांना रेशनकार्डासाठी एकाच कुटुंबातले समजावं, असं राज्यांना कळवण्यात आलं. आणि बँकेत जोडखातं उघडायला, एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही, असा खुलासा झाला. रेशनकार्ड आणि जोडखातं! नव्या नवरीचं नाव कार्डावर चढवायला आपण सगळ्याजणी तहसील कचेरीत उभ्या राहिलो आहोत. त्या एका ओळीची किंमत आपल्याला कुणी सांगायला नको. भाच्याने आणि त्याच्या मित्राने जोडखातं काढलं, त्यातून आता फ्रीजचा हप्ता जातो.

मधेच एक आठवलं. मुंबईच्या पद्मा अय्यर या आईने २०१५ साली आपल्या मुलासाठी, हरीशसाठी, चक्क वर हवा अशी जाहिरात दिली होती. काही वर्तमानपत्रांनी ती घेतली नाही, शेवटी 'मिड-डे'त छापून आली. आणि गंमत बघा, जातीची अट नाही म्हणून लिहिलं, पण अय्यर असल्यास उत्तम! त्यावरून पुष्कळ टीका झाली. टीका योग्यच होती, जात काही सुटत नाही आपल्याला. पण मला हसूही आलं. आई ती शेवटी आईच. मुलाला जावई आणणार, पण सांबार घरच्यासारखं करणारा हवा!

चेतन दातार यांचं 'एक माधवबाग' नावाचं नाटकही मिळालं तर जरूर बघा. आईच्या हाती मुलाची वही लागते, एवढीच गोष्ट. मोना आंबेगावकर यांनी त्याचे बरेच प्रयोग केले आहेत.

शाळेतलंही सांगायला हवं. माझ्या वर्गात एक मुलगा आहे, आवाज बारीक, रांगोळी सुरेख काढतो. मुलं त्याला 'बायल्या' म्हणतात. मी वर्गाला विचारलं, "बायल्या म्हणजे काय रे?" तर एक म्हणाला, "बाईसारखा." म्हटलं, "मग यात शिवी कुठली? तुमच्या आया बायका नाहीत का? मी समोर उभी आहे ती कोण आहे?" वर्ग गप्प. अजूनही कधीतरी तो शब्द मागच्या बाकावरून येतो, पण आता चारजणी मुलीच वळून बघतात. त्या पोराला डिवचायला वापरलेला शब्द आपल्यालाही हलकं लेखतो, हे मुलींना पटकन कळतं.

आता मुद्द्याचं. न्यायालयाने चेंडू संसदेकडे टोलवला आहे, म्हणजे तो खासदाराकडे आला. आपल्या राज्यातल्या सुप्रिया सुळे यांनी २०२२ च्या एप्रिलमध्ये स्पेशल मॅरेज ॲक्ट बदलण्याचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. मी त्यांच्या पक्षाची नाही, कुठल्याच पक्षाची नाही. पण खासगी विधेयकाचं नशीब माहीत आहे ना? १९७० नंतर असं एकही विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर होऊन कायदा झालेलं नाही. तेव्हा सरकारने आणायला हवं, आणि सरकारला ते सुचायचं तर खासदारांच्या टेबलावर कागद साठायला हवेत. आणि ते कागद फक्त पुण्या-मुंबईच्या तरुण मुलांचे असून चालणार नाहीत. कराडच्या, बार्शीच्या, यवतमाळच्या आयांचे हवेत. मतं मागायला माणूस आपल्याच दारी येतो, पाणी आपल्याच हातचं पितो.

पत्र एका पानाचंच असावं. हाताने लिहिलेलं बरं, छापील मजकुराखाली नुसत्या सह्या केल्या की कचेरीत गठ्ठ्यात जातो. आपण त्याच मतदारसंघातल्या आहोत हे पहिल्या ओळीत यावं. मागणी एकच, दहा नकोत. आपल्या घरातली एखादी खरी गोष्ट, मुलाचं नाव न घेता. शेवटी 'उत्तराची वाट पाहते' आणि पूर्ण पत्ता. शक्यतो स्पीड पोस्टने पाठवावं, म्हणजे पावती राहते. ज्यांच्या घरात असं कुणी नाही त्यांनीही लिहायला हरकत नाही. शेजारणीसाठी आपण दूध घेऊन ठेवतोच की.

वन्संनी असं पत्र गेल्या महिन्यात लिहिलं. चार वेळा फाडलं. हॉस्पिटलातली ती रात्र त्यांनी आठ ओळींत लिहिली, चपलेची गोष्ट मात्र वगळली. म्हणाल्या, ती त्यांना कशाला सांगू. खाली सही केली, पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट. मिरवणुकीत पदराआड लपलेल्या बाईने घरचा पत्ता लिहून दिला! पाकीट टेबलावर ठेवून त्या गिरणीत दळण आणायला गेल्या. परत आल्या तर पाकीट जाग्यावरच होतं, पण चिकटवलेलं होतं आणि दिल्लीचा पिनकोड, जो त्यांना आठवत नव्हता, तो यजमानांच्या अक्षरात लिहिलेला होता. कुणी कुणाला काही विचारलं नाही. मुलाशी ते अजून बोलत नाहीत.

खासदारांकडून पोच आलेली नाही. पुढच्या सोमवारी मी कराडला जाणार आहे, तेव्हा आम्ही दोघी मिळून स्मरणपत्र लिहू. या वेळी आमच्या भिशीतल्या तिघींनीही आपापली पत्रं द्यायचं कबूल केलं आहे. त्यात 'चव्हाट्यावर कशाला' म्हणणारीही आहे. तिचं म्हणणं, पत्र लिहीन, पण मिरवणुकीला येणार नाही. चालेल म्हटलं.